घर घ्यायचे तर कोणत्या महिन्यात?



उसाच्या प्लॉटवर फिरताना बियाणे-खतांबरोबर हल्ली आणखी एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, पोरांच्या शाळेपायी वाशिमले नाहीतर रिसोडले घर घ्यावं म्हणतो. कधी घ्यावं?" बहुतेकांच्या मनात पाडवा किंवा अक्षय तृतीया आधीच ठरलेली असते. मुहूर्ताला आमचा विरोध नाही. परंतु आडसाली, पूर्वहंगामी की सुरू, हे आपण जमीन आणि पाणी पाहून ठरवतो. घराचेही तसेच करावे.

प्रथम माझीच चूक सांगतो. मी अक्षय तृतीयेला घर घेतले. भिंतींना नुकताच चुना दिलेला, अंगण कोरडे ठणठणीत. श्रावणात मागच्या खोलीत जोत्यातून ओल चढली, पोरांची अंथरुणे पुढच्या खोलीत आणावी लागली. पुढच्या वैशाखात त्याच भिंतीला बोट जाईल एवढी भेग पडली. काळी माती पाण्याने फुगते व उन्हाने आकसते, हे मी रोज तुम्हाला सांगतो आणि घर घेताना स्वतःच विसरलो!

१. पाहण्याची वेळ : एकच घर दोनदा पाहावे. वैशाखात भेगा दिसतात. केसासारखी भेग बहुधा गिलाव्याची असते. जोत्यापासून तिरपी वर गेलेली रुंद भेग पायाची असू शकते, ती जाणत्या मिस्त्रीला दाखवावी. विहीर-बोअरचे पाणी टिकते का, नळ किती दिवसांनी येतो, हेही तेव्हाच कळते. दुसरी पाहणी आषाढ-श्रावणात, झड लागली असताना करावी. स्लॅबचे कोपरे, भिंतींची ओल, अंगणात साचणारे पाणी पाहावे. शेजाऱ्याला अवश्य विचारावे.

२. पैशाची वेळ : सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या सुमारास येतो, तुरीचा पौष-माघात, उसाचा गाळप हंगामात. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात १४ दिवसांत बिल देण्याची तरतूद आहे. तरीही कागदावरच्या मुदतीवर इसार देऊ नये. रक्कम खात्यात जमा झाल्यावरच द्यावा. ज्येष्ठात तर सौद्याच्या नादी लागूच नये. बी-बियाण्याचा पैसा घरात गेला की पेरणीला सावकार गाठावा लागतो. पीककर्ज फेडीची रक्कमही इकडे वळवू नये. मुदत चुकली की व्याजसवलत जाते. पितृपक्षात गिऱ्हाईक कमी असते, म्हणून बोलणी तेव्हा करावी. कागद नंतर करता येतो.

३. सरकारी वेळ : मुद्रांक शुल्क ठरलेली किंमत किंवा सरकारी बाजारमूल्य, यांपैकी जे जास्त असेल त्यावर लागते. बाजारमूल्याचे नवे दर पूर्वी १ जानेवारीला लागत. २०१६ पासून १ एप्रिल ही तारीख आली. काही वर्षी दर होते तेच ठेवले गेले, परंतु सर्व तयारी झाली असेल तर खरेदी मार्चअखेरपूर्वी उरकलेली बरी. सवलतीही येतात. शासनाने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० पर्यंत शुल्क ३ टक्क्यांनी व पुढे ३१ मार्च २०२१ पर्यंत २ टक्क्यांनी कमी केले होते. दहा लाखांच्या घरामागे हे अनुक्रमे ३० व २० हजार होतात. त्यानंतर १ एप्रिल २०२१ पासून केवळ महिलेच्या नावे राहते घर घेतल्यास १ टक्का सवलत सुरू झाली. बहिणींनी हा मुद्दा घरात जरूर काढावा. दस्तावर सह्या झाल्यावर चार महिन्यांच्या आत तो नोंदणीसाठी सादर करावा लागतो, हेही ध्यानात असू द्यावे.

४. कागदपत्रे : इसारापूर्वी दुय्यम निबंधक कार्यालयातून मागील ३० वर्षांचा शोध घ्यावा. शहरात आखीव पत्रिका, नवीन वस्तीत बिनशेती आदेश पाहावा. गावातील नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे. त्यावरून मालकी ठरत नाही, म्हणून मूळ खरेदीखत मागावे. घरपट्टी थकलेली नाही व बँकेचा बोजा नाही, याची खात्री करावी.

थोडक्यात : वैशाखात भेगा, श्रावणात ओल, भाद्रपदात बोलणी, दिवाळीनंतर इसार आणि मार्चअखेरपूर्वी खरेदी. यात एक वर्ष जाईल. पण ऊसही वर्षाचेच पीक आहे, आणि घर तर जन्मात बहुधा एकदाच होते.

— ऊस विकास अधिकारी