कुत्रा सांगतो, पक्षी लपवतो



हल्ली एकाच घरात दोन्ही असतात: दारात शेपूट हलवणारा कुत्रा आणि कुणाच्या तरी खांद्यावर बसलेला कॉकटील. माया दोघांवर सारखीच, पण दोघांच्या आजारपणाची तऱ्हा अगदी वेगळी. कुत्र्याचं पोट दुखलं तर तो जेवण सोडतो, कण्हतो, कोपरा धरतो. पक्षी यातलं काहीच करत नाही. रानात आजारी दिसणारा पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो, म्हणून अंगात ताकद आहे तोवर तो धडधाकट असल्यासारखाच वागतो. दाण्यांच्या वाटीत चोचही मारत राहतो. ‘कालपर्यंत ठणठणीत होता हो डॉक्टर’ असं घरचे सांगतात तेव्हा ते खरंच सांगत असतात. आजार मात्र पुष्कळदा बऱ्याच दिवसांचा असतो.

म्हणून पक्षी पाळणाऱ्या प्रत्येक घराला माझं पहिलं सांगणं एकच असतं. ग्रॅममध्ये वजन दाखवणारा स्वयंपाकघरातला छोटा काटा घ्या, रोज सकाळी खाणं द्यायच्या आधी पक्ष्याला त्यावर उभं करा आणि आकडा वहीत लिहा. बजरी साधारण ३० ते ४० ग्रॅमची असते, कॉकटील ८० ते १०० ग्रॅमच्या आसपास. ३५ ग्रॅमच्या बजरीचं वजन साडेतीन ग्रॅमनी उतरलं म्हणजे दहा टक्के गेलं. पिसांखाली सगळं झाकलेलं असल्यामुळे डोळ्यांना ते कळत नाही. ६० किलोच्या माणसाचं वजन आठवड्याभरात सहा किलोनी उतरलं तर घरात किती धावपळ होईल? तेवढीच धावपळ इथेही करायला हवी.

दुसरी नजर पिंजऱ्याच्या तळाकडे. तिथे साधा कागद घाला आणि तो रोज बदलताना शीट पाहा. तिचे तीन भाग असतात: हिरवट-तपकिरी घट्ट भाग, पांढरा भाग आणि भोवतीचं पाणी. काकडी-कलिंगडानं पाणी वाढतं, बीट खाल्लं की लाल रंग येतो. त्याची चिंता नको. पण पांढरा भाग पिवळा किंवा हिरवा झाला, न पचलेले दाणे पडायला लागले किंवा शीटच कमी झाली, तर उद्यावर टाकू नका. पिसं फुगवून दिवसा झोपणं, श्वासाबरोबर शेपटी वरखाली होणं, दांडी सोडून तळाशी बसणं ही तर उशिराची लक्षणं. ती दिसली की त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

आता हातानं भरवायच्या पिल्लांबद्दल थोडं सविस्तर, कारण मला सगळ्यांत जास्त हळहळ इथे वाटते. ‘अजून भरवावं लागतं, म्हणजे तुमचाच लळा लागेल’ असं सांगून डोळे नुकते उघडलेली पिल्लं विकली जातात. हे खरं नाही. स्वतः खायला लागलेलं पिल्लूही रोज प्रेमानं हाताळलं तर तितकंच माणसाळतं. ज्यानं कधी पिल्लू भरवलेलं नाही, त्यानं भरवायचं पिल्लू घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दिवसभर घर रिकामं राहत असेल तर अजिबात नाही.

ज्यांच्याकडे असं पिल्लू आलेलंच आहे, त्यांनी आधी थर्मामीटर आणावा. भरवायचं मिश्रण ३९ ते ४१ अंश सेल्सियसच असायला हवं, आणि ते मनगटावर थेंब टाकून ठरवू नका. जास्त गरम असेल तर गळ्याखालची अन्नपिशवी, जिला पक्षी पाळणारे ‘क्रॉप’ म्हणतात, आतून भाजते. त्या वेळी पिल्लू गप्प राहतं. काही दिवसांनी तिथली कातडी काळवंडते, भोक पडतं आणि भरवलेलं बाहेर गळायला लागतं. उलट मिश्रण थंड असेल तर क्रॉप हलत नाही आणि अन्न आतच आंबतं. मायक्रोवेव्ह इथे धोक्याचा, कारण त्यात एक भाग कोमट आणि दुसरा कढत राहतो. वाटी गरम पाण्यात ठेवा, नीट ढवळा, मग मोजा.

भरवताना घाई नको. दोन्ही कडा आत वळवलेला चमचा नवख्या हाताला सिरिंजपेक्षा बरा, कारण पिल्लू आपल्या गतीनं गिळतं. सिरिंज वापरायचीच असेल तर ती पिल्लाच्या चोचीच्या डाव्या बाजूनं, उजवीकडे रोख ठेवून, आणि पिल्लू मान हलवून स्वतः मागत असेल तेव्हाच. जबरदस्तीनं ढकललेला घास श्वासनलिकेत जातो. दूध, दुधात भिजवलेलं बिस्किट, दूधभात हे बंद. पक्ष्यांना दुधातली साखर पचत नाही. पिल्लांसाठी मिळणारी पावडरच वापरा, प्रत्येक वेळी ताजी कालवा, उरलेली फेकून द्या. रात्रभरात क्रॉप एकदा पूर्ण रिकामा व्हायला हवा. सकाळी त्यात रात्रीचं अन्न लागत असेल तर वरून आणखी भरू नका, दवाखान्यात या.

ऊबही खाण्याइतकीच महत्त्वाची. पिसं न आलेल्या पिल्लाला ३३ ते ३५ अंश लागतात, पिसं येतील तसं तापमान हळूहळू उतरवायचं. गार पडलेलं पिल्लू पचवू शकत नाही, म्हणून आधी ऊब, मग घास. आणि भरवणं सोडवताना उपाशी ठेवून शिकवू नका. कॉकटील साधारण आठ ते दहा आठवड्यांत सुटतो, एखादा त्याहूनही वेळ घेतो. समोर भिजवलेले दाणे, कोवळं कणीस, कोथिंबिरीची काडी ठेवत राहा, तो चिवडत चिवडत शिकतो.

मोठ्या पक्ष्यांच्या बाबतीत सगळ्यांत मोठी चूक म्हणजे नुसते सूर्यफूल आणि राळे. त्यात अ जीवनसत्त्व जवळपास नाही आणि सूर्यफुलाच्या तेलानं यकृतावर चरबी चढते. शेवग्याचा पाला, मेथी, गाजर, लाल भोपळा, ढोबळी मिरची रोज थोडं द्या. हिरवी मिरचीही चालते, पक्ष्यांना तिचा तिखटपणा जाणवत नाही. कॅल्शियमसाठी पिंजऱ्यात समुद्रफेस लटकवा. अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट आणि कांदा मात्र विषच.

पक्ष्याची श्वसनसंस्था फार कार्यक्षम असते, फुफ्फुसांना जोडून हवेच्या पिशव्या असतात. म्हणूनच आपल्याला जेमतेम जाणवणारा धूर त्याच्या जिवावर बेततो. नॉनस्टिक तवा गॅसवर विसरला आणि फार तापला, तर त्यातून निघणाऱ्या वायूनं शेजारच्या खोलीतला पक्षीही काही मिनिटांत मरू शकतो. तव्याला वास येईलच असं नाही. पक्षी असलेल्या घरात नॉनस्टिक भांडी नसलेलीच बरी. डासांची कॉइल, झुरळांचा स्प्रे, धूप-कापूर, फोडणीचा खाट, दिवाळीचे फटाके या सगळ्यांपासून पिंजरा दूर, हवेशीर खोलीत हवा. स्वयंपाकघरात कधीच नको. पक्षी मोकळा सोडण्याआधी छताचा पंखा बंद करून तो पूर्ण थांबलाय का हे पाहा.

कुत्र्याबद्दल बऱ्याच गोष्टी तुम्हाला ठाऊक असतात, त्यामुळे ज्या वारंवार राहून जातात त्याच सांगते. सहा ते आठ आठवड्यांपासून लसी सुरू करायच्या, साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंतचे सगळे डोस पूर्ण करायचे, रेबीजची लस तीन महिन्यांनंतर आणि पुढे दरवर्षी. पावसाळ्याआधी लेप्टोची लस झाली आहे का ते कार्डावर तपासा. दूध-पोळीवर कुत्रा जगतो, पण पुरेसं प्रथिन त्याला मिळत नाही. द्राक्षं, मनुका, कांदा-लसूण, चॉकलेट नको, शिजवलेली हाडंही नकोत.

नाक कोरडं म्हणजे ताप, हा समज सोडा. कुत्र्याचं तापमान मुळातच १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं, गुदद्वारातून मोजल्याशिवाय काही कळत नाही. ताप असला तरी घरातली पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक देऊ नका. पोटात जखमा होतात, मूत्रपिंडं, यकृत निकामी होतात. (गिधाडं ज्यामुळे संपत आली ते हेच डायक्लोफिनॅक, जनावरांसाठी त्यावर २००६ मध्ये बंदी आली.) ताप, खाणं बंद, हिरड्या पांढऱ्या, नाकातून रक्त, असं दिसलं तर गोचीड-तापाची शंका घ्या आणि रक्त तपासा. गोचीड काढताना चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायचा, रॉकेल ओतायचं नाही. उन्हाळ्यात पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना दुपारी बाहेर नेऊ नका.

गोचिडांचा स्प्रे कुत्र्याला पक्ष्याच्या खोलीत मारू नका. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोघांना एकत्र सोडून खोलीबाहेर जाऊ नका, त्यांची कितीही दोस्ती असो. व्हिडिओत गोड दिसणारं ते चाटणंही नको. कुत्र्याच्या लाळेतले जंतू पक्ष्याला झेपत नाहीत. दात लागला असेल, जखम दिसत नसली तरी, काही तासांच्या आत पक्ष्याला डॉक्टरांकडे न्या, कारण प्रतिजैविक लगेच सुरू करावं लागतं.

कायद्याचंही सांगायला हवं. आपला हिरवा राघू, डोंगरी मैना, मुनिया हे पक्षी वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार घरात ठेवता येत नाहीत. झाडावरून पडलेलं पिल्लू सापडलं तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

घरात पक्षी आहे आणि कुणाला बरा न होणारा ताप, कोरडा खोकला आहे, तर आपल्या डॉक्टरांना पक्ष्याबद्दल आवर्जून सांगा. सिटॅकोसिस नावाचा आजार पक्ष्यांकडून माणसाला होतो. वेळेत ओळखला तर औषधानं बरा होतो.

पक्ष्यांचा डॉक्टर जवळ नसेल तर परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत विचारा. पक्षी आणताना छोट्या खोक्यात टॉवेल घाला आणि टॉवेलमध्ये गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली एका बाजूला ठेवा, हवेसाठी भोकं पाडा, चोचीत पाणी ओतू नका. वजनाची वही आणा. आणि निघण्यापूर्वी पिंजरा धुऊ नका, तळाचा कागद आहे तसाच घेऊन या.