न दुखणारी गाठ

दुखते तो रोग आणि दुखत नाही तो रोग नव्हे, असा एक समज आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या रूढ आहे. पाय मुरगळला की आपण लेप लावतो, दाढ ठणकली की वैद्याकडे धावतो. परंतु जे दुखत नाही त्याकडे काणाडोळा करतो. स्तनांचा कर्करोग नेमका याच समजाच्या आडून वाढतो. सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही. तिच्यामुळे ताप येत नाही की घरकामात खोळंबा होत नाही. सर्वांचे करून झाल्यावर उरलेल्या वेळात स्वतःकडे पाहणारी गृहिणी 'बघू पुढे' म्हणून ती बाजूला सारते. त्यात संकोचाची भर पडते. अखेर ती रुग्णालयाची पायरी चढते, तेव्हा रोग बराच पुढे गेलेला असतो.

रोगाची व्याप्ती

भारतीय स्त्रियांमध्ये आढळणाऱ्या कर्करोगांत आज स्तनांच्या कर्करोगाचा क्रमांक पहिला आहे. आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात आपल्या देशात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग नव्याने झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याला बळी पडल्या. हा रोग लवकर ओळखला गेला तर बरा होण्याची शक्यता पुष्कळच असते, हे लक्षात घेतले म्हणजे मृत्यूंचा हा आकडा अधिकच बोचतो.

धोका कशाने वाढतो, कशाने घटतो?

काही कारणे आपल्या हाती नसतात. वाढते वय, लवकर सुरू झालेली आणि उशिरा थांबलेली मासिक पाळी, तसेच आई, बहीण वा मावशी यांना झालेला हा रोग, ही त्यांपैकी प्रमुख होत. तथापि बहुसंख्य रुग्ण स्त्रियांच्या घराण्यात हा रोग पूर्वी कोणालाही झालेला नसतो. म्हणून 'आमच्या घरात कोणाला नाही' या विचाराने कोणीही निर्धास्त राहू नये.

काही गोष्टी मात्र बऱ्याच अंशी आपल्या हाती असतात. पाळी थांबल्यानंतर वाढलेले वजन हा धोका वाढवते, मद्यपानही वाढवते. आठवड्यातून किमान दीडशे मिनिटे झपझप चालणे किंवा तत्सम श्रम केल्याने तो कमी होण्यास मदत होते. स्तनपानाचा लाभ बाळाइतकाच मातेलाही आहे. तीस देशांतील ४७ अभ्यासांचा एकत्रित विचार करून २००२ मध्ये शास्त्रज्ञांनी असा निष्कर्ष काढला की, एकूण स्तनपानाच्या दर बारा महिन्यांमागे हा धोका सुमारे ४.३ टक्क्यांनी घटतो. अर्थात, हे सर्व पाळूनही रोग होऊ शकतो. तो झाला म्हणून स्त्रीला दोष देणे अन्यायाचे ठरेल.

मुंबईतील एक प्रयोग

धोका पूर्णपणे टाळता येत नसेल, तर रोग लवकर ओळखणे हा दुसरा मार्ग उरतो. त्यासाठी महागडी यंत्रे नसली तर काहीच करता येत नाही काय? मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये सुरू केलेल्या अभ्यासाने या प्रश्नाचे उत्तर शोधले. शहरातील ३५ ते ६४ वर्षे वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा त्यात समावेश होता. त्यांपैकी निम्म्या स्त्रियांच्या स्तनांची तपासणी प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हातांनी केली.

वीस वर्षांचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणी न झालेल्या गटातील रुग्णांपैकी ४७ टक्के स्त्रियांचा रोग निदानाच्या वेळी तिसऱ्या वा चौथ्या अवस्थेत पोहोचलेला होता. तपासणी झालेल्या गटात हे प्रमाण ३७ टक्के होते. पन्नास वर्षे व त्यावरील स्त्रियांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मात्र मृत्यूंमध्ये अशी निश्चित घट दिसली नाही. तरीही प्रशिक्षित हाताचे मोल या अभ्यासाने सिद्ध केले.

काय पाहावे, काय करावे?

प्रत्येक स्त्रीला आपल्या शरीराची नेहमीची ठेवण ठाऊक असावी. स्तनात किंवा काखेत गाठ लागणे, त्वचेला खळी पडणे, त्वचा संत्र्याच्या सालीसारखी दिसणे, बोंड नव्याने आत ओढले जाणे, त्यातून रक्तमिश्रित स्राव येणे, बोंडावरील जखम बरी न होणे, यांपैकी काहीही आढळल्यास विनाविलंब डॉक्टरांना दाखवावे. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पण ते ठरविण्याचे काम आपले नव्हे, डॉक्टरांचे आहे.

तक्रार नसतानाही तपासणी करून घ्यावी. राष्ट्रीय कार्यक्रमानुसार तीस वर्षांवरील स्त्रियांची अशी तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांतून केली जाते. गावातील आशा कार्यकर्तीकडे त्याची चौकशी करता येते. उपचारांच्या खर्चाची धास्ती घेणाऱ्या कुटुंबांनी हेही जाणून घ्यावे की, महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे.

गैरसमज सोडावेत

गाठीला सुई लावली की रोग पसरतो, हा समज निराधार आहे. सुईने घेतलेल्या तुकड्याच्या तपासणीवाचून खात्रीचे निदानच होत नाही. हा रोग स्पर्शाने अथवा एकत्र जेवल्याने दुसऱ्याला होत नाही. प्रत्येक वेळी संपूर्ण स्तन काढावा लागतो, हेही खरे नाही. गाठ लहान असताना रुग्ण आली, तर अनेकदा स्तन वाचविता येतो.

ही जबाबदारी एकट्या स्त्रीची नाही. सुनेने गाठीविषयी चाचरत सांगितले, तर सासूने तिला गप्प बसवू नये. दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. पतीने पेरणीचे वा परीक्षेचे निमित्त काढून तपासणी पुढे ढकलू नये. जी गाठ दुखत नाही, तिच्याबद्दल घरात मोकळेपणाने बोलता आले पाहिजे. बोलणे लवकर झाले, तर उपचारही लवकर होतात. आणि या रोगात लवकर याच शब्दाला सर्वांत अधिक मोल आहे.