रेकॉर्डिंगमध्ये खरखर येते? नवीन मशीन घेण्याआधी हे करून पाहा



आपल्या परतवाड्यात बसून आवाजाचं काम करता येतं का, असं बरेच जण विचारतात. येतं. प्रचाराच्या ऑटोसाठी जाहिरात, दुकानाची रील, शिकवणीचा ऑनलाइन कोर्स, सगळ्याला स्वच्छ आवाज लागतो. एक माइक, एक यूएसबी ऑडिओ इंटरफेस आणि लॅपटॉप असला की धंदा सुरू होतो. अडचण येते ती रेकॉर्डिंग ऐकताना. आवाजामागे खरखर, गुंगुं, नाहीतर मध्येच चट-चट.

आधी माझीच चूक सांगतो. सुरुवातीला संत्र्याच्या कलमा विकणाऱ्या एका रोपवाटिकेची जाहिरात मला मिळाली होती. लागवडीचा हंगाम तोंडावर होता. मी रेकॉर्डिंग करून दिलं, ऑटो गावोगाव फिरला आणि संध्याकाळी फोन आला, "दादा, हे भोंग्यातून चट-चट काहून येऊन राह्यलं?" माझ्या लहान स्पीकरवर जे जाणवलंच नव्हतं, ते भोंग्याने दहापट करून ऐकवलं होतं. मी घाबरलो आणि हातात आलेल्या ॲडव्हान्समध्ये उधारीची भर घालून नवीन माइक आणला. चट-चट तशीच! शेवटी दोष निघाला स्वस्तातल्या यूएसबी हबमध्ये. गिऱ्हाईक गेलं, पैसे गेले आणि हंगामही गेला.

म्हणून आजचा धडा एकच: आवाज ओळखल्याशिवाय खर्च करायचा नाही. खरखर एकच नसते. तिचे तीन प्रकार आहेत आणि तिघांचं औषध वेगळं आहे.

आधी तपासणी, मग इलाज

गेन नेहमीसारखा ठेवा आणि काही न बोलता तीस सेकंद रेकॉर्ड करा. मग ती फाइल मोबाइलवर घेऊन हेडफोनने ऐका. मोबाइलवर आवाज स्वच्छ असेल, तर रेकॉर्डिंग चांगलं आहे, दोष तुमच्या ऐकण्याच्या व्यवस्थेत आहे. खरखर मोबाइलवरही ऐकू आली, तर ती फाइलमध्येच आहे. आता ती कशी आहे ते ओळखा.

प्रकार १: चट-चट, तुटक आवाज

हा बहुतेक वेळा कॉम्प्युटरचा दोष असतो, माइकचा नाही. इंटरफेस आवाजाचे बारीक तुकडे करून कॉम्प्युटरकडे पाठवतो. कॉम्प्युटरला ते वेळेत उचलता आले नाहीत, की मधला तुकडा गळतो आणि तिथे "चट" होतं.

हे क्रमाने करा:
- हब काढा. इंटरफेस थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा. साध्या यूएसबी २.० पोर्टमधून ५०० मिलीअँपिअर करंट मिळतो. स्वतःचा अडॅप्टर नसलेल्या हबमध्ये तेवढ्यातच माउस, पेन ड्राइव्ह आणि इंटरफेस वाटेकरी होतात.
- दुसरी, शक्यतो लहान यूएसबी केबल लावून पाहा. फक्त चार्जिंगची केबल चालत नाही.
- बफर वाढवा. ४८,००० सॅम्पल रेटला १२८ चा बफर म्हणजे कॉम्प्युटरला जेमतेम २.७ मिलिसेकंद मिळतात. ५१२ केला की साधारण १०.७ मिलिसेकंद मिळतात. आपल्याला फक्त बोलणं रेकॉर्ड करायचं आहे, त्यामुळे ५१२ किंवा १०२४ बिनधास्त ठेवा. स्वतःचा आवाज ऐकायचा असेल तर इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर सुरू करा.
- सॅम्पल रेट सगळीकडे एकच ठेवा. विंडोजमध्ये ४८,००० आणि सॉफ्टवेअरमध्ये ४४,१०० असा घोळ नको. व्हिडिओसाठी ४८,००० ठरवून टाका.
- ड्रायव्हर इंटरफेस बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या.
- रेकॉर्डिंगपुरता वाय-फाय बंद ठेवा आणि पॉवर सेटिंगमध्ये यूएसबीची वीजबचत बंद करा. तरीही चट-चट राहिली, तर लेटन्सीमॉन नावाचा मोफत प्रोग्रॅम चालवा. कोणता ड्रायव्हर कॉम्प्युटरला अडवतो, याचा अंदाज तो देतो.

प्रकार २: सतत गुंगुं, घुंई

हा विजेचा आवाज. आपल्या घरातली वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झची. ती ऑडिओच्या वाटेत शिरली की ५० आणि १०० हर्ट्‌झची गुणगुण ऐकू येते.

पहिली परीक्षा एकदम सोपी: लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर रेकॉर्ड करा. गुंगुं गेली? मग ती चार्जरच्या वाटेने येत होती. छोट्या जाहिराती बॅटरीवरच रेकॉर्ड करा, खर्च शून्य.

दुसरी परीक्षा इन्व्हर्टरची. लाइट गेली की आवाज जास्त कर्कश होतो का? स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर असं होतं. अशा वेळी पुन्हा बॅटरी, किंवा लाइट येईपर्यंत थांबा. पुढे कधी इन्व्हर्टर बदलायचा झाला तर साइन वेव्हचा घ्या.

तिसरी गोष्ट अर्थिंग. आपली काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते. माती कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होतं. म्हणून पावसाळ्यात स्वच्छ असलेलं रेकॉर्डिंग मे महिन्यात गुणगुणू शकतं. लॅपटॉपच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. आणि राजेहो, गुंगुं घालवायला प्लगची तिसरी मोठी पिन कापायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. ती पिन जीव वाचवायला असते.

माइकसाठी तीन पिनांची एक्सएलआर केबलच वापरा. तिच्यातल्या दोन तारांवर बाहेरचा गोंधळ सारखाच चढतो आणि इंटरफेस तो वजा करून टाकतो. ही केबल चार्जरच्या वायरसोबत गुंडाळून ठेवू नका. मोबाइलही इंटरफेसपासून हातभर लांब ठेवा.

प्रकार ३: सूंऽऽ असा वाऱ्यासारखा आवाज

इथे दोष बहुधा आपल्या बसण्याचा. आपण माइकपासून दोन हात लांब बसतो आणि गेन पूर्ण फिरवतो. मग आवाजाबरोबर खोलीतलं सगळंच वाढतं. अंतर निम्मं केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, तोही फुकट. माइकपासून एक वीत अंतरावर, जरा तिरकं बसा. गेन एवढाच ठेवा की सर्वात मोठ्या शब्दाला मीटर उणे १२ च्या आसपास जाईल. शून्याला लागला तर आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नीट शिवता येत नाही.

माइक कंडेन्सर असेल तर ४८ व्होल्टचं बटण चालू आहे ना, ते पाहा.

आणि आपला कुलर! वऱ्हाडच्या उन्हाळ्यात तो बंद करणं जिवावर येतं, पण रेकॉर्डिंगपुरता तो बंदच हवा. मी सकाळी सहा ते आठ ही वेळ ठरवली आहे. गरमी कमी आणि रस्त्यावर गाड्याही कमी.

सॉफ्टवेअरने साफ होईल का?

ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये नॉइज रिडक्शन आहे. सूंऽऽ आणि हलकी गुंगुं त्याने कमी होते. जास्त लावलं तर माणूस पाण्यात बुडून बोलतोय असं वाटतं. चट-चट मात्र त्याने जात नाही, कारण तिथला आवाज गळालेलाच असतो. ते वाक्य पुन्हा बोलणं हाच खरा उपाय.

धंद्याचा हिशोब

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा: काय बदललं, फरक पडला का. चार गोष्टी एकदम बदलल्या तर आवाज जाईलही, पण कशाने गेला ते कळणार नाही. उद्या गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना तोच आवाज परत आला, तर तुमच्याकडे उत्तर नसेल.

आज मी फाइल देण्याआधी तीन ठिकाणी ऐकतो: हेडफोनवर, मोबाइलवर आणि मोठ्या स्पीकरवर. पाच मिनिटं लागतात. ही पाच मिनिटं त्या दिवशी दिली असती, तर रोपवाटिकेवाले दादा आजही माझे गिऱ्हाईक असते.

तुमचा गृहपाठ: आज रात्री तीस सेकंदांची शांतता रेकॉर्ड करा, एकदा चार्जर लावून आणि एकदा काढून. दोन्ही फाइल सलग ऐका आणि तुमचा प्रकार कोणता ते वहीत लिहा. तोवर बाजारात जाऊ नका, पैसे खिशातच राहू द्या.

भेटू पुढच्या धड्यात. कामाला लागा!