माळ्यावरचा विठ्ठल

प्रश्न : माझ्या कथेत मुलगा गेल्यावर आई देव्हाऱ्यातली विठ्ठलाची मूर्ती फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकते. त्या कथेची कादंबरी करायची आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर : माळ्यापासूनच. कथेचा तो शेवट होता. कादंबरीत तो प्रसंग लवकर उरकून टाका. खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते. सकाळी नैवेद्याच्या वेळी तिचे हात कुठे जातात? सासूबाईंच्या एकादशीचा साबुदाणा कोण भिजवतं? नवरा आषाढी वारीला निघतो, तेव्हा त्याची पिशवी ती भरते का?

डॅनियल कीज यांनी १९५९ मधल्या ‘फ्लॉवर्स फॉर अल्जर्नन’ या कथेची १९६६ साली कादंबरी केली, तेव्हा प्रसंग ताणले नाहीत; नायक चार्लीचं बालपण, आई, बहीण आणली. तुम्हीही माणसं वाढवा, रडणं नको.

नामदेवांचे ज्ञानेश्वरांच्या समाधीचे अभंगही काढा. तिथे शोक देवाच्या समोरच चालतो, पांडुरंग स्वतः हजर असतो. तुमची नायिका मात्र त्याच्याशी बोलणंच टाकते. हा अबोला तुमचा ऐवज आहे. मूर्ती खाली येणार की नाही, हे आत्ताच ठरवू नका. आणि मुलाला स्वप्नात आणू नका, कृपा करून.