नवजात कन्येतील बीजकोशग्रंथी आणि दुर्बिणीचे शस्त्रकर्म

इंदापूर-बारामतीकडे प्रसूती रुग्णालयात झाली, तरी बाळगुटी, शेक-मालिश किंवा पोटफुगीच्या निमित्ताने बालक पुष्कळदा वैद्याकडे येते. अशा वेळी मातेची सोनोग्राफीची कागदपत्रे आवर्जून पाहावीत. त्यांत ‘गर्भाच्या उदरात द्रवपूर्ण गाठ’ एवढीच नोंद असू शकते. गर्भलिंगनिदानास प्रतिबंध करणाऱ्या १९९४ च्या कायद्यामुळे प्रसूतीपूर्वी बीजकोशाचे नाव घेता येत नाही, आणि ते घेऊ नये हेच योग्य. मात्र कन्या जन्मल्यावर त्याच त्रोटक नोंदीला वेगळा अर्थ येतो. मूत्रपिंड, आंत्र वा गर्भाशय यांच्या विकृतींबरोबरच बीजकोशग्रंथीचाही विचार करून लगेच पुन्हा सोनोग्राफी करवावी.

मातेच्या व अपरेच्या संप्रेरकांमुळे गर्भाच्या बीजकोशातील पुटक वाढून ही ग्रंथी होते. जन्मानंतर ते उद्दीपन ओसरते; म्हणून ४ सेंमीहून लहान, स्वच्छ द्रवाची ग्रंथी बहुधा काही महिन्यांत आपोआप विरते. तोवर ठराविक अंतराने सोनोग्राफी करणे पुरेसे असते. या काळात आपण दिलेल्या औषधास यशाचे श्रेय देण्याचा मोह वैद्याने टाळावा.

खरी भीती पिळाची. नवजात कन्येची श्रोणी लहान असल्याने बीजकोश उदरात असतो व मोठ्या ग्रंथीसह सहज फिरतो. पीळ पडला की रक्तपुरवठा तुटून बीजकोश नष्ट होतो. कधी हे गर्भातच घडून गेलेले असते. उलट्या, पोट फुगणे, स्तनपान न करणे ही लक्षणे दिसतीलच असे नाही. सोनोग्राफीत गढूळ द्रव, थर किंवा पडदे दिसल्यास पिळाची शंका घ्यावी.

ग्रंथी ४ ते ५ सेंमीहून मोठी असेल, वाढत असेल वा पिळाची शंका असेल, तर बालशल्यतज्ज्ञ द्रव शोषून काढण्याचा किंवा दुर्बिणीच्या शस्त्रकर्माचा विचार करतात. नाभीतून ३ ते ५ मिमी जाडीची दुर्बीण घालतात. श्वसनास अडथळा होऊ नये म्हणून उदरातील वायूचा दाब कमी ठेवतात. पीळ सोडवून, द्रव शोषून ग्रंथीची भित्ती काढतात व बीजकोशाचा निरोगी भाग राखतात. काही वेळा रिकामी झालेली ग्रंथी नाभीच्या छेदातूनच बाहेर घेऊन उर्वरित कर्म करतात. अर्बुदाची शक्यता या वयात अत्यल्प असल्याने सरसकट बीजकोश काढणे समर्थनीय नाही. सुश्रुतोक्त भेदन, विस्रावण, छेदन येथे आठवतात; तथापि निदानस्थानातील ग्रंथीशी या विकाराची ओढून-ताणून सांगड घालू नये.

बारामतीस २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तरी नवजाताची भूल व बालशल्यतज्ज्ञ कोठे उपलब्ध आहेत, हे दूरध्वनीवरून विचारूनच पाठवावे. इंदापूरहून पुणे सव्वाशे किलोमीटरहून दूर आहे. प्रवासात बालकास ऊबदार ठेवावे, सोनोग्राफीचे सर्व अहवाल सोबत द्यावेत. निर्णय होईपर्यंत पोटावर दाब देऊन मालिश करू नये, असे मालिश करणाऱ्या बाईंनाही स्पष्ट सांगावे.