लहान लोडरची रोजची निगा

आपल्या भालकी, औराद, बसवकल्याण आणि आळंद भागांतील पुष्कळ तरुण आता फावडे-घमेले ठेवून लहान लोडर चालवू लागले आहेत. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात लुई व सिरिल केलर या दोघा कारागीर भावांनी 1957 साली असे एक लहान लोडर घडविले, ते टर्की पक्ष्यांच्या खुराड्यांतील घाण उपसण्यासाठी. त्याचीच भावंडे आज कलबुर्गीच्या डाळमिलांत भुसा ओढतात आणि शहाबाद-चितापूरकडे फरशीच्या खाणींतला चुरा उचलतात. कर्ज काढून घेतलेले हे यंत्र महिनाभर बंद पडले तर हप्ता थांबत नाही, हे वेगळे सांगावयास नको.

आम्ही मेकॅनिक नव्हे. शाळेत विज्ञान शिकवितो. तरी एक हिशेब आमच्या विषयातलाच आहे. एक लिटर डिझेल जळण्यास दहा हजार लिटरांहून अधिक हवा लागते. खाणीतल्या धुळीत दिवसभर राबणारे इंजिन किती धूळ ओढू पाहत असेल, याची कल्पना यावरून यावी. तिला अडविणारा एकच पहारेकरी, एअर फिल्टर. आमची मंडळी तो काढून चाकावर आपटतात. त्याने कागद फाटतो अन् पहारा उठतो. बाहेरचा फिल्टर पुस्तकात सांगितल्याप्रमाणे आतून बाहेर, हलक्या हवेने साफ करावा. आतला लहान फिल्टर असल्यास तो साफ करू नये, मुदत येताच बदलावा. डाळमिलवाल्यांनी रेडिएटरच्या जाळीकडेही रोज पाहावे. तुरीचा भुसा तेथे गादीसारखा बसतो आणि इंजिन तापते. तापलेल्या रेडिएटरचे झाकण मात्र कोणीही उघडू नये.

सकाळी इंजिन चालू करण्यापूर्वी, गाडी सपाट जागी असता, ऑइलची पट्टी पुसून पाहावी. डिझेल फिल्टरखालचे पाणी सोडावे. बूमच्या पिनांना ग्रीस द्यावे, जुने काळे ग्रीस बाहेर येईपर्यंत. ग्रीस महाग पडते म्हणणाऱ्याने एकदा पिन व बुश बदलण्याचे बिल पाहावे. ऑइल किती तासांनी बदलावयाचे ते यंत्राच्या पुस्तकात असते. शेजाऱ्याच्या लोडरचा आकडा आपल्या लोडरला लागू पडेलच असे नाही.

आता मुख्य गोष्ट. आमचा एक जुना विद्यार्थी हायड्रॉलिकचा पाईप गळतो कोठून, हे चालू यंत्रावर बोटाने चाचपत होता. दाबाखालची तेलाची धार बोटात शिरली. आम्ही भेटलो तेव्हा तो हसून म्हणाला, "मास्तर, सुईच्या टोकाएवढं छिद्र आहे, त्यात काय व्हतंय?" चिंधी बांधून त्याने संध्याकाळपर्यंत काम केले. आम्हीही त्याला तेव्हाच दवाखान्यात ओढून नेले नाही, याची रुखरुख आजही आहे. रात्री हात सुजला आणि पुढे ते बोट कापावे लागले. अशी जखम दिसावयास क्षुल्लक असते. तेल आत पसरून मांस नासविते. दुखत नसले तरी त्याच घटकेस शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जावे आणि "दाबाचे तेल शिरले आहे" असे स्पष्ट सांगावे. गळती शोधावयाची तर हात दूर ठेवून पुठ्ठ्याचा तुकडा धरावा. पाईप सोडण्यापूर्वी बकेट जमिनीस टेकवावी, इंजिन बंद करावे आणि लिव्हर हलवून उरलेला दाब काढावा. उचललेल्या बूमखाली काम करणे भागच असेल तर कंपनीने दिलेला आधार लावल्यावाचून डोकेही घालू नये. दगडांची रास किंवा लाकडाचा ओंडका म्हणजे आधार नव्हे.

त्या मुलाने नंतर लोडर विकला नाही. सीटमागे चाळीस पानी वही बांधली आहे. तीत तासांचा आकडा, ग्रीस, ऑइल, फिल्टर यांची नोंद तो रोज करतो. अक्षर पूर्वीसारखे राहिले नाही, पण आम्हांस ते वाचता येते.