पायबंद नसलेली भूमी

अमेरिकेच्या पश्चिम भागात ग्रीन आणि यँपा या दोन नद्यांचा संगम आहे. तेथील उंच कड्यांनी वेढलेल्या दरीला एको पार्क म्हणतात. ही भूमी राष्ट्रीय स्मारक म्हणून राखलेली होती. तरीही १९५० च्या सुमारास तेथे मोठे धरण बांधण्याचा बेत सरकारने आखला. लोकांनी नेटाने विरोध केला, तेव्हा १९५६ साली तो बेत सुटला.

या लढ्याच्या अग्रभागी हॉवर्ड झानायझर हे गृहस्थ होते. रानभूमीच्या रक्षणासाठी झटणाऱ्या एका संस्थेचे ते चिटणीस. आज हे धरण टळले, पण उद्या दुसरे येईल. दरवेळी किती भांडावे? त्यापेक्षा कायदाच करावा, असे त्यांनी ठरविले आणि त्याच वर्षी मसुदा लिहिला.

मुलांनो, कायदा लिहिणे म्हणजे शब्दांची पारख करणे होय. रानभूमी कशाला म्हणावे? झानायझर यांनी एक जुना इंग्रजी शब्द निवडला. घोड्याच्या पायांत अडकविण्याच्या दोरीवरून तो आला आहे. आपल्या भाषेत त्या दोरीला पायबंद म्हणतात. ज्या भूमीला माणसाने पायबंद घातलेला नाही, ती रानभूमी! हा शब्द बदला, असे स्नेह्यांनीही सुचविले. त्यांनी तो सोडला नाही. मला तर या हट्टाचे फार कौतुक वाटते.

इतर बाबतींत मात्र त्यांना पुष्कळ नमते घ्यावे लागले. लाकूडतोड, खाणी आणि गुरेचराई यांवर ज्यांचा धंदा चाले, त्यांचा कडवा विरोध होता. आठ वर्षांत मसुदा ६६ वेळा लिहिला गेला. १८ वेळा सुनावणी झाली. झानायझर यांच्या कोटाला आतून मोठाले खिसे होते. त्यांत ते कागद भरून घेत आणि भेटेल त्या लोकप्रतिनिधीपुढे आपली बाजू मांडीत. अखेरीस, १९८३ संपेपर्यंत या भूमीत खाणींसाठी नवे हक्क मागता येतील, ही सवलत कायद्यात राहिलीच.

शेवटच्या सुनावणीनंतर काही दिवसांतच, ५ मे १९६४ रोजी, झानायझर वारले. त्यांचे वय अवघे ५८ वर्षांचे होते. जुलैमध्ये प्रतिनिधिगृहात ३७३ मते कायद्याच्या बाजूने पडली. विरुद्ध पडले केवळ एक.

३ सप्टेंबर १९६४ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी कायद्यावर सही केली. ९१ लाख एकर भूमी तत्काळ संरक्षित झाली. आज ती ११ कोटी एकरांहून अधिक आहे. सहीच्या वेळी झानायझर यांच्या पत्नी ॲलिसबाई तेथे उपस्थित होत्या. जॉन्सन यांनी एक लेखणी त्यांच्या हाती दिली.